का बरं असं? : आजीची बोटं सकाळी का रुसतात?



सहावीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "माझ्या आजीला आमवात आहे. सकाळी तिची बोटं वळतच नाहीत. दुधाची पिशवीसुद्धा तिला कापता येत नाही. पण अकरा वाजले की तीच आजी चांगल्या चार भाकऱ्या थापते! माझा धाकटा भाऊ म्हणतो, आजी सकाळी नाटक करते. बाई, खरं काय?"

भावाला सांग, आजी मुळीच नाटक करत नाही. तिच्या बोटांच्या सांध्यांत पहाटे एक मोठी गडबड चाललेली असते. ती आपल्याला दिसत नाही, कारण ती पेशींच्या आत, अगदी जनुकांपाशी चालते. आज त्याच गडबडीची गोष्ट सांगते. थोडी अवघड आहे, सावकाश वाचा. आईबाबांनाही वाचायला द्या, कारण शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आधी एक घोटाळा मिटवू या. आपल्याकडे सांधे दुखले की सरसकट 'संधिवात' म्हणतात. पण म्हातारपणी गुडघे झिजतात ते दुखणं निराळं आणि आमवात निराळा. आमवात हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. या आजारात शरीराचं रोगांशी लढणारं सैन्य चुकून आपल्याच सांध्यांवर चालून येतं. का येतं, याचं पूर्ण उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नाही. पण आल्यावर काय होतं, ते मात्र आता बरंच कळलं आहे.

आता तुमचं मधलं बोट हळूच वाकवा बघू. आवाज नाही, खरखर नाही. आत दोन हाडं एकमेकांसमोर आली आहेत आणि दोघांच्या टोकांवर पांढरी, गुळगुळीत कूर्चा आहे. (मटणाच्या नळीच्या टोकाला जो पांढरा चकचकीत भाग असतो ना, तीच ही.) सगळ्याभोवती एक पिशवी आहे आणि पिशवीला आतून पातळ अस्तर आहे, एखाद्या चांगल्या शिवलेल्या कोटाला असतं तसं. हे अस्तर किती पातळ? तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या थराचं! पण त्याचं काम मोठं. अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं बुळबुळीत वंगण तेच तयार करतं.

या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी राहतात. एक भक्षक पेशी. त्या कचरा आणि जंतू गिळतात. दुसऱ्या फायब्रोब्लास्ट. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपण त्यांना 'विणकर पेशी' म्हणू या. शरीराला आधार देणारे धागे त्याच विणतात, वंगणातले चिकट पदार्थही बनवतात. आपल्या गोष्टीतली मुख्य पात्रं याच विणकर बरं का. गरीब, कामसू. आणि बिघडल्या तर फार बिघडणाऱ्या.

प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्यात डी.एन.ए.चा धागा. हा धागा उलगडून सरळ केला तर साधारण 2 मीटर भरेल, म्हणजे तुमच्या बाबांपेक्षाही उंच. आणि तो मावतो कशात? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान जागेत! या धाग्यावर प्रथिनं बनवण्याच्या सुमारे 20,000 कृती लिहिलेल्या आहेत. एकेक कृती म्हणजे एकेक जनुक.

आता गंमत पाहा. डोळ्याची पेशी असो, यकृताची असो की सांध्याची, जवळजवळ प्रत्येकीकडे हेच पुस्तक आहे. सगळ्यांकडे पाककृतींचं एकच जाडजूड पुस्तक, पण कुणी पुरणपोळीचं पान उघडून बसलंय, तर कुणी लोणच्याचं. पेशीही आपल्याला हवी तेवढीच पानं उघडते, त्यांची नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार करते. पान उघडून त्यातला पदार्थ प्रत्यक्ष बनवणं, यालाच शास्त्रज्ञ जनुक 'व्यक्त होणं' म्हणतात. शहाण्या विणकर पेशीनं वंगणाचं पान उघडं ठेवलेलं असतं. मोडतोडीची पानं तिच्याही पुस्तकात आहेत, पण मिटलेली.

मग ती उघडतं कोण?

समजा, खो-खो खेळताना तुम्ही पडलात आणि गुडघा दुखावला. आतल्या भक्षक पेशींना सुगावा लागतो आणि त्या एक निरोप सोडतात. या निरोपाचं नाव टी.एन.एफ. हे एक छोटंसं प्रथिन आहे. ते तरंगत विणकर पेशीपाशी येतं, पण आत जात नाही हं! दारावर त्याच्या मापाचा एक 'कान' असतो, त्यात ते जाऊन बसतं. बस्स, एवढंच त्याचं काम. पुढचं सगळं आतल्या आत, कानगोष्टींच्या खेळासारखं. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

ही कानगोष्ट शेवटी पोचते एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनापाशी. पानं उघडण्याचा अधिकार याला. 1986 साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो शोधून काढला. (नावावरून ओळखलंत ना? रंजन सेन भारतीय वंशाचे.) एरवी हा केंद्रकाच्या बाहेरच असतो, कारण एक दुसरं प्रथिन त्याला घट्ट मिठी मारून बसवून ठेवतं. निरोप आला की त्या मिठी मारणाऱ्यावर एक खूण लावली जाते. खूण दिसली की पेशी त्याचे तुकडे तुकडे करून टाकते. मिठी सुटली! आता एनएफ-कप्पा-बी केंद्रकाच्या बारीक भोकांतून आत शिरतो, डी.एन.ए.वर साधारण दहा अक्षरांची एक ठरावीक खूण शोधतो आणि तिथं जाऊन बसतो. त्या जागेजवळची पानं फडफडत उघडतात. निरोप आल्यापासून इथवर यायला अर्धा तासही पुरतो.

कोणकोणती पानं उघडतात? एका पानावर सैनिक पेशींना हाका मारणारं प्रथिन आहे. ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींना सांध्यात बोलावतं. दुसऱ्या पानावर आहे इंटरल्यूकिन-6. हे तर रक्तातून थेट यकृतापर्यंत जातं आणि तिथल्या पेशींना वेगळंच पान उघडायला लावतं. त्या पानावरचं प्रथिन म्हणजे सी.आर.पी. घरात कुणाची रक्त-तपासणी झाली असेल तर कागदावर हे नाव दिसेल. म्हणजे बोटातली भांडणं डॉक्टरांना दंडातल्या रक्तावरून कळतात, ती अशी!

तिसऱ्या पानावर असते कात्री. ही कात्री म्हणजे धागे कापणारं प्रथिन. मटण शिजायला टाकताना आजी त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकते, पाहिलंय? पपईच्या चिकात प्रथिनं कापणारा पदार्थ असतो, म्हणून मटण मऊ होतं. विणकर पेशी बनवतात ती कात्रीही त्याच जातीच्या कामाची. फरक एवढाच की ती आपल्याच कूर्चेतले धागे कापते.

तुम्ही म्हणाल, "अहो बाई, ही कात्री मुळात ठेवलीच कशाला?" प्रश्न बरोबर आहे. जखम झाली की तुटके धागे काढून टाकावे लागतात, तेव्हाच नवे विणता येतात. जुनं छप्पर उतरवल्याशिवाय नवी कौलं कशी घालणार? म्हणून कात्री थोडा वेळ हवीच.

थोडा वेळ! हेच महत्त्वाचं. आणि शरीरानं त्याची किती छान सोय केली आहे पाहा. एनएफ-कप्पा-बी जी पानं उघडतो, त्यांतल्याच एका पानावर त्याला मिठी मारणाऱ्या प्रथिनाची कृती लिहिलेली आहे! म्हणजे तो स्वतःच स्वतःला बांधणारा दोर वळायला घेतो. तासाभरात नव्या मिठ्या तयार होतात, त्याला केंद्रकाबाहेर ओढून आणतात आणि पानं मिटतात. मला तर सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत आवडते. खेळताना दुखावलेला तुमचा गुडघा सुजतो आणि काही दिवसांत पुन्हा होता तसा होतो, त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे.

आजीच्या बोटांत मात्र निरोप थांबतच नाहीत. मिठी तयार होते, तोवर दारावर पुन्हा टी.एन.एफ. हजर. पुन्हा मिठीचे तुकडे, पुन्हा पानं उघडी. विणकर पेशी हाका मारतात, म्हणून सैनिक पेशी येतात. सैनिक आले की आणखी टी.एन.एफ. सोडतात आणि त्यामुळे विणकर आणखी हाका मारतात. एक ते तीन पेशींचं ते पातळ अस्तर जाड, सुजलेलं होतं आणि हळूहळू कूर्चेवर चढू लागतं. विणकर पेशी शेजारच्या हाडालाही सोडत नाहीत. हाड कुरतडणाऱ्या पेशी तयार व्हाव्यात म्हणून त्या आणखी एक निरोप पाठवतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा गेली की पुन्हा नीट भरून येत नाही. म्हणून आमवातात लवकर औषध सुरू करणं फार महत्त्वाचं आहे.

आता सकाळचं कोडं. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. दाह शांत करणारं कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रात्री कमी असतं आणि पहाटे वाढू लागतं. दाहाचे निरोप रात्री जोर धरतात. आमवात असलेल्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 पहाटे खूप वाढलेलं असतं. त्यात रात्रभर हालचाल नाही, त्यामुळे सुजलेल्या अस्तरात पाणी साचून राहतं. आजी उठते तेव्हा बोटं जणू घट्ट हातमोज्यात अडकलेली असतात. मग हालचाल होते, कॉर्टिसॉल आपलं काम करतं, पाणी ओसरतं आणि अकराला भाकरी! भावाला हे नीट वाचून दाखव, आणि उद्यापासून दुधाची पिशवी त्यालाच कापायला सांग.

कॉर्टिसॉलवरून आठवलं. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला याच कुळातलं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू-फिरू लागली! 1950 साली हेंच यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालं. ही द्रव्यं म्हणजेच स्टिरॉइड. ती थेट केंद्रकात पोचून एनएफ-कप्पा-बीला अडवतात. पण त्याबरोबर आणखी कितीतरी पानं उघडतात-मिटतात. म्हणून जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतली की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, मुलांची उंची खुंटते.

मग फक्त एकच निरोप अडवता आला तर? लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या दोघांनी हाच विचार केला. मैनी यांचा जन्म आपल्या लुधियानाचा, 1937 सालचा. सांध्यात तर अनेक निरोप एकाच वेळी फिरत असतात. त्यातला एक अडवून काय होणार, असंच पुष्कळांना वाटे. या दोघांच्या गटानं रुग्णांच्या सांध्यांतल्या अस्तराच्या पेशी घेतल्या, काचेच्या बशीत ठेवल्या आणि टी.एन.एफ.ला पकडणारं प्रतिपिंड त्यात घातलं. टी.एन.एफ. बंद झाला, आणि त्यापाठोपाठ दुसरा एक जोरदार निरोपही थंडावला! 1989 साली हे त्यांनी जाहीर केलं. म्हणजे सगळे निरोपे सारख्या पायरीवर नव्हते. टी.एन.एफ. वरच्या पायरीवर उभा होता, त्याच्या हाकेवर खालचे ओरडत होते. पत्त्यांच्या बंगल्यातला खालचा पत्ता ओढावा, तसं झालं.

मग उंदरांवर प्रयोग झाले. आणि 1992 साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस इस्पितळात 20 रुग्णांना ते प्रतिपिंड शिरेतून दिलं. जुन्या औषधांनी बरं न वाटलेले हे रुग्ण होते. त्यांची सूज उतरली, सकाळचा ताठरपणा कमी झाला. काही आठवड्यांनी दुखणं परत आलं हे खरं, पण पुन्हा औषध दिल्यावर पुन्हा उतारही पडला. आज या जातीची औषधं जगभर वापरली जातात.

पण थांबा, टी.एन.एफ.ला अगदी खलनायक करून टाकू नका. क्षयाचे जंतू शरीरात कोंडून ठेवण्यासाठी तोच लागतो. म्हणून ही औषधं देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात तर ती हवीच हवी.

आणखी एक नवल. आमवाताच्या रुग्णाच्या सांध्यातली विणकर पेशी बाहेर काढून वाढवली तरी तिचा स्वभाव जात नाही. आसपास सैनिक पेशी नाहीत, निरोपांची गर्दी नाही, तरी ती कूर्चेत घुसते. कारण डी.एन.ए.वर बारीक बारीक रासायनिक खुणा लागलेल्या असतात. पुस्तकातली अक्षरं तीच, पण एखादं पान रोज रोज उघडून शिवण सैल व्हावी आणि पुस्तक हातात घेताच तेच पान उघडावं, तसं. ही शिवण पुन्हा घट्ट कशी करायची, यावर आता प्रयोगशाळांत जोरात काम चालू आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्यात हात घालणार का?

आता आईबाबा, तुमच्याशी बोलते. सांध्यांचा दाह लहान मुलांनाही होतो. 16 वर्षांच्या आत सुरू झालेला आणि 6 आठवड्यांहून जास्त टिकलेला असा दाह, कारण सापडत नसेल, तर त्याला बालसंधिवात म्हणतात. पाश्चात्त्य देशांत साधारण हजारात एखाद्या मुलाला तो असतो, असा अंदाज आहे. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नव्हे) लहान मुलं पुष्कळदा 'दुखतंय' असं म्हणतच नाहीत. सकाळी लंगडतात, दुपारी धावतात. प्रार्थनेला मांडी घालून बसायचं टाळतात. जिना उतरताना कठड्याला धरतात. अक्षर अचानक बिघडतं. अशा मुलाला आळशी, नाटकी, शाळा बुडवणारा ठरवणं सोपं असतं. त्याऐवजी सकाळी दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक गुडघा सुजलेला, गरम वाटतो का? वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते पुढे संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील. मात्र ताप आहे, सांधा लाल झालाय आणि मूल पाय टेकवत नाही, असं असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दाखवा.

बालसंधिवात असलेल्या मुलाचे डोळेही ठरल्या वेळी तपासून घ्यायचे असतात. डोळ्याच्या आत दाह होतो, पण डोळा लालही होत नाही आणि दुखतही नाही, म्हणून घरी कळत नाही. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी नेहमी दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. कॅलेंडरवर वार लाल पेनानं लिहून ठेवा. आणि मुलाला खेळू द्या. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आणि पोहणं, सायकल यांनी सांधे मोकळे राहतात. शाळेत बाईंना सांगितलंत तर मुलाला मध्ये उठून फिरू देणं, पेपरला थोडा जास्त वेळ देणं, अशा गोष्टी करता येतात.

आणि ती पुडी! 'सर्व प्रकारचे वात, तीन दिवसांत गुण' अशी पाटी लावून विकतात ती. अशा काही पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. आता तुम्हाला कळलं असेल, तीन दिवसांत गुण का येतो ते. पानं मिटतात, सूज उतरते, सगळे खूश. मग चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि पुडी एकदम बंद केली तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं बनवता येत नाही, जिवावर बेतू शकतं. घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर रागावू नका, फेकूनही देऊ नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ती हळूहळू कशी सोडवायची ते त्यांना ठाऊक असतं.

चला मुलांनो, आता आपला नेहमीचा प्रयोग. किराणा दुकानातून साधी जिलेटिन पावडर आणा. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतले धागे शिजवून केलेलं प्रथिन. कूर्चेतले धागेही त्याच घराण्यातले. (घरात चालत नसेल तर शेजारच्या मित्राकडे करा. चायना ग्रास चालणार नाही, ते समुद्री शेवाळापासून करतात, त्यात हे प्रथिनच नसतं.) मोठ्यांच्या मदतीनं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे जिलेटिन गरम पाण्यात विरघळवा आणि कोमट झालं की तीन वाट्यांत ओता. पहिल्या वाटीत काहीच घालू नका. दुसरीत ताज्या, कच्च्या अननसाच्या दोन फोडी कुस्करून घाला. तिसरीत तशाच दोन फोडी, पण पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, गार करून घाला. अननसातही पपईसारखीच एक कात्री असते. तिन्ही वाट्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा.

सकाळी वाट्या तिरक्या करून पाहा. कोणती वाटी घट्ट झाली, कोणती पाणीच राहिली? दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीत एकच फळ असताना फरक का पडला असेल? उकळल्यावर कात्रीचं काय झालं असेल, ते डोकं चालवून लिहा. तुमची पत्रं पोचली की उत्तरं छापू.

— तुमच्या बाई